प्रश्नाचा डबा: मारायचा कुठून, आणि मारल्यावर थांबायचं कुठे

मागच्या पावसाळ्यात बेळगावात चार दिवस झड लागली होती. शाळेला सुट्टी, टिळकवाडीतला आमचा रस्ता पाण्याखाली, आणि भाचा शेजारच्या मित्राला घेऊन माझ्याकडे येऊन बसलेला. दोघांनी निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जुना व्हिडिओ गेम लावला. भाच्याने प्रश्नचिन्हाच्या डब्याला खालून धक्का दिला. आतून मारिओला मोठं करणारी अळंबी वर आली, उजवीकडे चालत गेली, पाइपला आपटली आणि सरळ त्याच्या दिशेने परत फिरली. शत्रू आला असं वाटून त्याने तिच्यावरून उडी मारली. ती डावीकडे पडद्याबाहेर गेली ती गेलीच.

“अळंबी पळूलाली की गं आत्ती!”

मित्र घरी कन्नड बोलतो. त्याचं “अणबे, अणबे!” चाललेलं. शब्द दोन, वस्तू एकच, आणि ती दोघांच्याही हातून सुटलेली. खानापूरच्या जंगलातली अळंबी पावसात उगवते आणि खुडणाऱ्याची वाट बघत जागच्या जागी राहते. ही डब्यातली अळंबी बाहेर पडली की चालायला लागते. म्हणून डबा मारणं हे निम्मंच काम आहे. आतली वस्तू कुठे जाणार हे आधी ओळखून तिथे जाऊन उभं राहणं, हे उरलेलं निम्मं. पुढचे तीन दिवस मी दोघांना हेच शिकवत होते. ते सगळं इथे क्रमाने लिहिते.

हा खेळ निन्टेंडोने जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य कर्ते. आमच्यापर्यंत तो नव्वदच्या दशकात पोहोचला, तोही टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रातून. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचं वर छापलेलं असायचं, आणि तेच पाच-सहा गेम पुन्हा पुन्हा निघायचे. शहापुरात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग होते. लाईट गेली की मागांची खटखट थांबायची आणि मारिओही थांबायचा. या खेळात कुठवर आलो ते साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट आली की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. त्यामुळे पहिली लेव्हल, पडद्यावर जिला १-१ लिहिलेलं असतं, ती मला अंगणासारखी पाठ आहे.

आधी डबे ओळखा

पहिल्या खेळात चारच प्रकार आहेत. लुकलुकणारा प्रश्नचिन्हाचा डबा: यात काहीतरी नक्की असतं. साधी वीट: बहुतेक वेळा रिकामी, पण काही विटांमध्ये नाणी, चांदणी किंवा वेल दडवलेली असते, आणि वरून बघून फरक कळत नाही. तिसरा, मारून झालेला तपकिरी डबा. त्यातून पुन्हा काही निघत नाही, पण पायरी म्हणून तो फार कामाचा. चौथा न दिसणारा डबा, त्याच्याकडे मागाहून येते.

प्रश्नचिन्हाबद्दल एक गोष्ट मला त्या दिवशी दोन पोरांना शेजारी बसलेलं बघून पहिल्यांदा जाणवली. मराठी वाचणारा असो वा कन्नड वाचणारा, ‘?’ दोघांना सारखाच वाचता येतो. पहिल्या लेव्हलमध्ये सूचनेचं एक वाक्यही नाही, आणि तरी दोघेही सांगितल्याशिवाय त्या डब्याखाली जाऊन उडी मारत होते.

मारायचं खालूनच. डबा मारिओच्या बरोबर डोक्यावर येऊ द्या. दोन डब्यांच्या सांध्याखाली उभं राहून उडी मारली तर हवा तो सोडून शेजारचा वाजतो. पोरांना वाटतं मारिओ डोक्याने मारतो. चित्र थांबवून दाखवा, उडी मारताना त्याची मूठ वर असते.

लहान मारिओने वीट मारली तर ती नुसती हलते. अळंबी खाऊन मोठा झालेला मारिओ रिकामी वीट फोडतो. इथे घाई करू नका. मोठं झाल्यावर पोरं दिसेल ती वीट फोडत सुटतात आणि ज्या विटांवर चढून वर जायचं होतं त्याच संपवतात. फोडण्याआधी वर नजर टाका. वर आणखी एक डबा दिसत असेल तर खालची वीट ही त्याची पायरी आहे.

डब्यातली वस्तू बाहेर आल्यावर कशी वागते

हा भाग सावकाश वाचा, कारण चुका इथेच होतात.

नाणं सगळ्यात सोपं. ते उडतं आणि आपोआप खात्यात जमा होतं, २०० गुण मिळतात. १०० नाण्यांची एक लाईफ.

अळंबी हळूहळू डब्याच्या वर येते, पूर्ण वर आली की चालू लागते. या पहिल्या खेळात ती नेहमी उजवीकडेच निघते. कडेला आली की खाली पडते, तरी चालतच राहते. पाइप किंवा भिंत लागली की उलटी फिरते. खड्डा आला की त्यात जाते. धावणाऱ्या मारिओपेक्षा तिचा वेग कमी असतो, म्हणजे तिला गाठून पुढे जाता येतं. सवय अशी लावा: डबा वाजला की वर बघत थांबायचं नाही. उजवीकडे सरकायचं, ती जिथे पडेल त्याच्या थोडं पुढे उभं राहायचं आणि तिला आपल्याकडे येऊ द्यायचं. मागे धावलात तर खड्ड्याच्या कडेला येऊन पोहोचता.

फूल, ज्याने आगीचे गोळे टाकता येतात, ते हलत नाही. ज्या डब्यातून आलं त्याच्याच डोक्यावर बसून राहतं. ते घ्यायला तुम्हालाच वर चढावं लागतं, म्हणून शेजारची वीट शाबूत हवी.

चांदणी, जिने थोडा वेळ शत्रूंची भीती उरत नाही, ती टप्पे घेत उजवीकडे पळते. तिला पकडायला खालून तिच्याबरोबर पळा आणि ती खाली येईल तेव्हा अंगावर घ्या. उंच उडी मारून झेलायला गेलात तर बहुधा ती तुमच्याखालून निघून जाते.

वेल विटेतून निघून आभाळात जाते आणि तिथेच थांबते. तिच्यासाठी घाई लागत नाही.

आणि एक नियम सगळ्यांना लागू. या खेळात पडदा डावीकडे परत सरकत नाही. जे मागे पडद्याबाहेर गेलं ते गेलं, मग ती वस्तू असो वा न मारलेला डबा. म्हणून डबा मारण्याआधी आजूबाजूचे गूम्बा (चालत येणारे छोटे शत्रू) आणि कासवं निपटा. वर घड्याळ ४०० पासून उतरत असतं. ते सेकंद नव्हेत, त्याहून भराभर उतरतात, पण १-१ साठी वेळ भरपूर आहे.

भाच्याने विचारलेला प्रश्न चांगला होता: एकाच डब्यातून कधी अळंबी, कधी फूल, असं का? डब्यात ठरलेली वस्तू नसते, ‘बळ’ एवढंच ठेवलेलं असतं. तुम्ही लहान असाल तर मारताक्षणी त्याची अळंबी होते, मोठे असाल तर फूल. सबंध खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. गणपतीत घरोघरी फिरणारा एक फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. इतक्या कमी जागेत एका वस्तूने दोन कामं केली. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. फूल डब्यावर बसलेलं असताना कुणी धडकून तुम्ही पुन्हा लहान झालात, तर ते फूल घेतल्यावर नुसतेच मोठे होता, आगीचे गोळे मिळत नाहीत.

पहिल्या लेव्हलचा सराव

सुरुवातीला एकटाच प्रश्नाचा डबा आहे, त्यात नाणं. तो शिकण्यासाठीच ठेवला आहे. समोरून पहिला गूम्बा येतो, त्याच्यावर उडी मारा.

मग पाच जणांची ओळ: वीट, डबा, वीट, डबा, वीट. मधल्या विटेच्या वर, उंचावर आणखी एक डबा. अळंबी ओळीतल्या डाव्या डब्यात आहे. बाकी दोन्हींत नाणी. अळंबी बाहेर आली की ओळीवरून उजवीकडे चालते, शेवटच्या विटेवरून खाली पडते, पुढच्या पाइपला आपटते आणि तुमच्याकडे परत येते. २०१५ मध्ये मियामोतो आणि तेझुका यांनी याच लेव्हलची रचना समजावून सांगितली होती. नुकताच गूम्बा बघितलेला माणूस अळंबीला घाबरणार हे त्यांनी धरलेलंच होतं. पाइप परतवतो, वर विटांचं छत आहे, त्यामुळे घाबरून उडी मारणाराही बहुतेक वेळा अळंबीच्याच वाटेत येतो. भाचा ओळीच्या बाहेर, मोकळ्यावर उभा होता म्हणून सुटला. तुम्ही ओळीच्या उजव्या टोकाखाली उभे राहा आणि काहीही करू नका. ती येते.

हे पोरांकडून चार वेळा करून घ्या. काहीही न करता थांबणं त्यांना सगळ्यात जड जातं, पण एकदा जमलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आता चार पाइप ओलांडा. चौथ्या पाइपात वरून खाली गेलात तर नाण्यांची खोली लागते. आत्ता जाऊ नका. ती वाट तुम्हाला थेट लेव्हलच्या शेवटाजवळ बाहेर काढते, आणि मधले सगळे डबे चुकतात. पाइपावरून पलीकडे उतरा. पुढे लेव्हलमधला पहिला खड्डा आहे. त्या खड्ड्याच्या अलीकडे साधारण चार विटांची जागा सोडून, मोकळ्या हवेत एक न दिसणारा डबा आहे. उंची नेहमीच्या डब्यापेक्षा एक घर जास्त. तिथे जागच्या जागी सरळ वर उडी मारा. नाही लागला तर अर्धं पाऊल सरका, पुन्हा मारा. लागला की हिरवी अळंबी निघते, म्हणजे एक लाईफ.

आणि इथे तुमची परीक्षा आहे. अळंबी उजवीकडे जाणार. उजवीकडे चार विटांवर खड्डा. परतवायला पाइप नाही. आमच्या गल्लीत ही जागा सगळ्यांना माहीत होती, आणि तरी निम्म्या लाईफ खड्ड्यात जायच्या, कारण डबा सापडल्याच्या आनंदात सगळे वर बघत थांबायचे. करायचं असं: टणत्कार ऐकला, खाली आलात, की लगेच दोन पावलं उजवीकडे जा आणि थांबा. तुमच्या आणि खड्ड्याच्या मध्ये एक-दोन विटांची जागा राहू द्या. अळंबी डब्यावरून उतरून तुमच्या अंगावरच येईल. भाच्याला हे सहाव्या खेपेला जमलं. मित्राला दुसऱ्याच खेपेला, कारण त्याने आधी खड्ड्यापर्यंत जाऊन अंतर बघून ठेवलं होतं. तशी सवय प्रत्येकाने लावावी.

खड्ड्यापलीकडे वीट, डबा, वीट अशी तिघांची ओळ आहे. मधल्यात पुन्हा ‘बळ’. तुम्ही आत्तापर्यंत मोठे राहिला असाल तर इथे फूल मिळेल. बाजूच्या दोन विटा फोडू नका, चढायला लागतील.

त्याच्या पुढे वर विटांची लांब रांग, आणि मग एका प्रश्नाच्या डब्याच्या बरोबर खाली एकटी वीट. ही नाण्यांची वीट. पहिला धक्का बसला की तिचं आतलं घड्याळ सुरू होतं, ते संपेपर्यंत जितक्या वेळा माराल तितकी नाणी. बटण दाबून धरून उपयोग नाही, प्रत्येक वेळी सोडून पुन्हा दाबावं लागतं. पाय टेकले की लगेच दाबा, असा ताल धरलात तर दहाच्या आसपास नाणी निघतात. वर बघू नका, पायांकडे बघा. मग थोडं पुढे दोन विटा शेजारी-शेजारी आहेत. त्यांपैकी उजवीत चांदणी. मारण्याआधी पुढची वाट नजरेखाली घाला, कारण चांदणीमागे पळायचं आहे.

त्यानंतर त्रिकोणात चार डबे: खाली तीन, वर एक. वरच्यात बळ आहे. खालच्यातल्या मधल्या डब्यावर चढून तो मारावा लागतो.

खालून मारण्याचा आणखी एक उपयोग याच भागात शिकवून टाका. विटांवर गूम्बा किंवा कासव चालत असेल तर त्याच्या पायाखालची वीट मारा, ते उलटून पडतं. विटेवर अळंबी असताना खालून मारलं तर ती उसळते आणि कधी कधी दिशाही बदलते. हातातून निसटणारी अळंबी वाचवायचा तो शेवटचा उपाय.

न दिसणारे डबे कसे शोधायचे

न दिसणारा डबा फक्त खालून मारल्यावर टणक होतो. बाजूने किंवा वरून त्याच्यातून आरपार जाता येतं. म्हणून धावत उड्या मारून तो सापडत नाही. जिथे उडी मारायचं कारण नाही अशी मोकळी जागा दिसली, किंवा एखादी वीट हाताला येत नाही इतकी उंच दिसली, तर तिथे सरळ वर उडी मारून बघा. खेळ आठ जगांत वाटलेला आहे, आणि ४-२ मध्ये, म्हणजे चौथ्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, याचं सुंदर उदाहरण आहे. तिथे वेलीची वीट उंचावर आहे, आणि तिच्यापर्यंत जायला आधी न दिसणारे डबे उघड करून त्यांची पायरी करावी लागते. त्या वेलीवरून वर गेलात की थेट सहाव्या, सातव्या किंवा आठव्या जगात नेणारे पाइप मिळतात.

दुसऱ्या जगापासून पुढे, प्रत्येक जगाच्या पहिल्या लेव्हलमधली हिरवी अळंबी नेहमी नसते. आधीच्या जगाच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये पुरेशी नाणी गोळा केली असतील तर ती मिळते. लहानपणी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. एकाला मिळायची, दुसऱ्याला नाही, आणि भांडणं व्हायची. पोरांना हे आधीच सांगून टाका.

१९८६ मध्ये जपानात आलेल्या दुसऱ्या भागात, जो बाहेर पुढे ‘द लॉस्ट लेव्हल्स’ नावाने ओळखला गेला, विषारी अळंबी आली. डबा तोच, उघडण्याची रीत तीच, आणि आतून शत्रू. न दिसणारे डबेही तिथे खड्ड्यावर असे ठेवलेत की उडी मारताना डोकं आपटून खाली पडावं. पहिल्या खेळाने शिकवलेली प्रत्येक सवय तिथे तपासली जाते. नवख्या पोराला तो लगेच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या खेळांत काय बदललं

१९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये मोठ्या मारिओला फुलाऐवजी अनेकदा पान मिळतं. ते झोके घेत खाली येतं, म्हणून त्याच्या झोक्याच्या मध्यावर थांबा. पानाने शेपटी मिळाली की डबा बाजूनेही मारता येतो. कासवाची ढाल लाथाडून जमिनीलगतचे डबे उघडता येतात. ‘पी’चं बटण दाबलं की थोडा वेळ विटांची नाणी होतात आणि नाण्यांच्या विटा.

१९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ मध्ये नकाशावर चार रंगांचे महाल आहेत. महालातलं बटण दाबेपर्यंत त्या रंगाचे डबे नुसत्या ठिपक्यांच्या चौकटी म्हणून दिसतात, नंतर भरून टणक होतात. पिवळ्यातून अळंबी, हिरव्यातून पीस. त्यामुळे पिवळा आणि हिरवा महाल आधी शोधा. याच खेळात वर मधोमध एक चौकट असते, तिथे जादा वस्तू साठते आणि गरज पडली की खाली सोडता येते. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ ने हीच युक्ती लाल, हिरव्या आणि निळ्या डब्यांत वापरली, पण आत टोप्या ठेवल्या: पंखांची, धातूची, अदृश्य होण्याची.

आपली लेव्हल वहीत काढा

तिसऱ्या दिवशी लाईट गेली. मग गणिताची चौकटीची वही काढली. जुन्या खेळाचा पडदा आडवा १६ डबे आणि उभा १५ डबे एवढाच होता, म्हणजे वहीतलं एक घर म्हणजे एक डबा धरता येतो. खालची दोन घरं जमीन. जमिनीच्या वर तीन घरं मोकळी सोडा, चौथ्या घरात डबा. त्याच्यावर पुन्हा तीन मोकळी, मग दुसरी ओळ. मूळ खेळात हेच अंतर आहे, कारण जागच्या जागी मारिओची उडी साधारण चार घरांची असते.

आता प्रत्येक ‘बळ’ डब्यापासून पेन्सिलने अळंबीची वाट काढा. उजवीकडे, कडेवरून खाली, पुढे कशाला आपटते, कुठे पडते. ती वाट खेळणाऱ्याकडे परत येत असेल तर डबा सोपा झाला. खड्ड्यात जात असेल तर अवघड. पहिला डबा सोपाच ठेवा, अवघड मागाहून. न दिसणारा डबा ठेवायचा असेल तर तो बक्षीस म्हणून ठेवा, उडीच्या वाटेत नको.

ज्यांच्याकडे २०१९ चा ‘सुपर मारिओ मेकर २’ आहे त्यांना हाच कागद पडद्यावर उतरवता येतो. डबा ठेवा, वस्तू ओढून डब्यावर सोडा, ती आत जाते. मग लगेच खेळून बघा. पण वही आधी.

तपासायचं असं की वही दुसऱ्याला द्यायची आणि तोंडाने काही सांगायचं नाही. भाच्याने मित्राला दिली. मित्राने बोट जमिनीवरून चालवत आणलं, पहिला डबा टिचकीने वाजवला, आणि पेन्सिलीची वाट न बघता बोट दोन घरं उजवीकडे नेऊन थांबवलं. भाच्याने खोडरबर घेतला आणि पुढचा पाइप एक घर मागे सरकवला.